थोरल्या मशीनवर उमटलेल्या रेघेची हकीकत

वाचणारांस विनंती विशेष. गोल विणाईच्या कारखान्यात थोरले मशीन म्हणून जे प्रसिद्ध, त्याच्या कापडावर एके काळी उभी रेघ उमटली, आणि त्या रेघेपायी जी मोठी मोहीम जाहली, तिची हकीकत लिहून ठेवावी ऐसा हुकूम कन्येकडून आला. हुकूम येणेप्रमाणे की, बाबा, आईची ती गोष्ट तुम्ही दर वेळी वेगळी सांगता, एकदा नीट लिहून काढा. हुकूम मान्य केला. लिहिणारास अलंकार येत नाहीत, जन्म मशीनखालचे तेल पुसण्यात गेला. तरी जैसे घडले तैसे, कोणाची भीड न धरता, आणि वस्तादांची तर मुळीच न धरता, लिहितो. बाईसाहेब असत्या तर हे कागद दिव्यावर धरून, ओळ न् ओळ पाहून, शिक्का मारायचा की परत पाठवायचे ते त्यांनी ठरविले असते. आता तो धाक राहिला नाही, म्हणून अधिकच जपून लिहिणे प्राप्त.

प्रथम राज्य कैसे होते ते सांगतो. लांबलचक शेड, वर पत्रे, आत ओळीने उभी गोल मशिने, आणि थोरले मशीन दाराजवळ. त्यास बोलण्यात नुसते थोरली म्हणत. तिच्या पोटात लोखंडी सिलिंडर, जैसा बिनछपराचा बुरूज, आणि त्या बुरुजाच्या तटावर सभोवार सुया उभ्या, खांद्यास खांदा लावून, मध्ये जेमतेम फट. प्रत्येक सुईच्या माथ्यास आकडा आणि आकड्याखाली इवलीशी जीभ, उघडणारी आणि मिटणारी. बुरूज अखंड फिरे, आणि सुया चढउताराच्या वाटेने एकीमागून एक वर जात, आणि सुई वर गेली की आकड्यात सूत धरी, आणि खाली येताना जीभ मिटून ते सूत मागल्या टाक्याच्या गळ्यातून ओढून घेई, आणि मागला टाका सुटून कापडात दाखल होई, आणि नवा टाका आकड्यावर बसे, आणि मग पुन्हा तेच. सूत वरच्या मांडणीवरील कोनांतून, म्हणजे निमुळत्या गुंडाळ्यांतून, उतरे, आणि एका कोनाचे शेपूट दुसऱ्या कोनाच्या डोक्यास आधीच गाठ मारून ठेवलेले असे, म्हणजे एक कोन कामी आला तरी मशीनला त्याची खबर नसे. सूत तुटले तर तांबडा दिवा लागे आणि थोरली जागीच थबके. कापड खाली नळीसारखे, शिवणीवाचून, उतरे आणि रुळावर गुंडाळले जाई, आणि तो रूळ, ते कापड आणि त्या सुया, सारा लवाजमा बुरुजाबरोबरच फिरे. उभे राहत ते फक्त मशीनचे पाय. ही गोष्ट वाचणाराने ध्यानी ठेवावी, कारण पुढे मोठमोठ्यांच्या ध्यानातून ती गेली.

या राज्यात तीन मातबर मंडळी. पहिले सुयांचे सरलष्कर, तेलाच्या बुधल्याचे मुखत्यार, सर्व पान्यांचे मालक राजश्री वस्ताद, म्हणजे फिटर. स्वभाव चांगला, परंतु आपल्या मशीनला कोणी नावे ठेविली की कानशिले तापत. दुसऱ्या त्यांच्याच घरच्या, तपासणीच्या दिव्याच्या अधिकारी, बाईसाहेब. शेडच्या टोकास त्यांची खुर्ची आणि पुढे तिरपी काच, काचेखाली लखलखीत दिवा, आणि त्या काचेवरून कापड सरकत जाई आणि बाईसाहेब पाहत. त्यांचा शिक्का बसल्यावाचून वीतभर कापडही रंगखान्यात जात नसे. मशीनवाले, रंगवाले, गाडीवाले, जो तो येऊन विचारी, बाई, हे ठीक आहे का, आणि बाई हो म्हणाल्या की विषय संपे. तिसरे नव्याने दाखल झालेले साहेब. हे आधी मागाच्या गिरणीत होते आणि तेथे त्यांनी मोठे नाव काढिले होते. मागावर ताण्याचा धागा जेथे असतो तेथेच असतो, सबब जगात प्रत्येक वस्तू आपल्या जागी उभी राहते ऐसी त्यांची पक्की समजूत. बूट स्वच्छ. खिशास पेन.

एके दिवशी दुपारी बाईसाहेबांनी थोरलीचा रोल काचेवर घेतला, आणि पाहता पाहता हात थांबला. कापडात उभी रेघ. इतकी बारीक की दुसऱ्या कोणास दाखविली असती तर त्याने भिडेखातर दिसली म्हटले असते. परंतु कापड अद्याप कोरे होते. गडद रंग चढल्यावर तीच रेघ ओरडून उठली असती. मग त्यांनी वस्तादांस बोलावणे धाडिले आणि वस्ताद हात पुसत आले.

"तुमच्या थोरलीला रेघ आहे."

"नाही."

"दाखवते ना."

"काच पूस आधी."

बाईसाहेबांनी साऱ्या शेडदेखत काच पुसली, आणि पदराच्या टोकाने पुन्हा पुसली, आणि रेघ होती तेथेच राहिली. तेव्हा वस्तादांनी ऐसे उद्गार काढिले की रेघ कदाचित चष्म्यात असेल. हे उद्गार पंख्यांच्या घरघरीतही सर्वांस स्पष्ट ऐकू गेले.

"बरं," बाईसाहेब म्हणाल्या. "आजपासून मशीनबद्दल मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"नकोच बोलू."

आणि त्या घरात नवराबायकोचे बोलणे म्हटले तर बहुतेक मशीनबद्दलच असे, म्हणून सगळेच बोलणे बंद जाहले. घरी वस्ताद कपाटाशी बोलत की टॉवेल कोठे गेला, आणि बाईसाहेब भांड्यांशी बोलत की ज्याचा त्याने शोधावा. बाईसाहेबांनी पहिल्याच रात्री जेवणात मीठ घातले नाही, हेतू हा की मागावयास तरी तोंड उघडेल. वस्तादांनी अळणी जेवण मुकाट गिळिले आणि वर पाण्याचा पेला पिऊन झोपी गेले, आणि पुढे रोज तेच. ऐसी ती दोन्ही बाजूंची निष्ठा.

आता यातील खरी अडचण सांगतो. रेघ म्हणजे एका सुईचा गुन्हा. सुई कोठे बोथटली, वाकली, अडखळली की ती विणते ते टाके बाकीच्यांहून वेगळे पडतात आणि एकाखाली एक लागून रेघ होते. परंतु हजारोंच्या जमावात ती एक ओळखावी कैसी? तर त्याचा रिवाज असा की मशीन थांबवून एकाने खाली बसावे, आणि रेघ चिमटीत धरून हलकेच ओढ द्यावी, आणि दुसऱ्याने वर चढून विजेरी धरून पाहावे, आणि ज्या सुईवरला टाका थरथरेल ती गुन्हेगार. मग तेथेच सिलिंडरवर खडूने खूण करावी, आणि सुई काढावयाची खिडकी एकाच जागी असल्याने हाताने चाक फिरवून ती खूण खिडकीपाशी आणावी, आणि सुई उपटून घ्यावी. एकट्याचे हे काम नव्हे. थोरलीवर वस्ताद वर आणि बाईसाहेब खाली, हा शिरस्ता लग्नाच्याही आधीचा. तपासणीवरची ती नवी मुलगी दिसावयास कैसी आहे हे वस्तादांनी नीट पाहिले नव्हते तेव्हाच तिच्या हाताची ओढ कैसी आहे ते त्यांस ठाऊक जाहले होते. हलकी, आणि नेमकी. आता वरचा म्हणतो रेघ नाहीच, आणि खालचीने मौन धरिलेले, म्हणजे शत्रूस रान मोकळे.

ही खबर साहेबांस पोचली आणि साहेबांनी दरबार भरविला. बाईसाहेबांस पुसिले, त्या म्हणाल्या रेघ आहे. वस्तादांस पुसिले, ते म्हणाले रेघ नाही. तेव्हा साहेबांनी फर्माविले की या मोहिमेचे सेनापतित्व आम्ही स्वतः घेऊ. मग थोरली थांबविली, आणि साहेब बूट सांभाळीत तिच्या पोटाशी वाकले, आणि पुष्कळ वेळ पाहून त्यांस रेघ दिसली, किंवा दिसली ऐसे ते म्हणाले. मग त्यांनी पॅकिंगातून तांबडी फीत मागविली, आणि रेघेच्या अगदी समोर, मशीनच्या पायास, स्वहस्ते बांधिली. आणि हुकूम केला की उत्पादन थांबता उपयोगी नाही, तूर्त मशीन चालवा, जेवणानंतर फितीच्या वरल्या सुया बदला.

थोरली सुरू जाहली. बुरूज फिरला, सुया फिरल्या, कापड फिरले, आणि कापडाबरोबर रेघ साऱ्या शेडदेखत प्रदक्षिणा घालू लागली. फीत मात्र पायास बांधलेली, जागच्या जागी, तांबडीलाल.

हे सर्वांनी पाहिले. येथे लिहिणारास खुलासा करणे भाग आहे की यात न समजण्याजोगे काही नव्हते, शेडमधले मांजरही सांगते. मग कोणी बोलले का नाही? तर वस्ताद बोलले नाहीत, कारण जी रेघ नाहीच ती फितीपाशी नाही हे सांगावे कैसे? बाईसाहेब बोलल्या नाहीत, कारण मशीनचा विषय त्यांनी वर्ज्य केला होता. बाकीचे बोलले नाहीत, कारण साहेबांनी फीत बांधताना गाठ फार सुरेख मारिली होती, आणि साहेबांच्या गाठीस हात लावून आजवर कोणाचे भले झाले नाही हे त्यांस माहीत होते. साहेब बोलले नाहीत, कारण ते जेवावयास गेले होते.

जेवणानंतर मशीन थांबविले ते थांबले तेथे, आणि फितीच्या वर त्या घटकेस ज्या सुया सापडल्या त्या बिचाऱ्या खिडकीपाशी नेऊन उपटल्या, आणि त्यांच्या जागी डबीतल्या नव्या कोऱ्या सुया भरती केल्या. मशीन चालले. रेघ आहे तैशीच. साहेबांनी पुन्हा वाकून पाहिले तों ती दुसऱ्या पायापाशी. साहेब म्हणाले, शत्रू चपळ आहे. मग दुसऱ्या पायास फीत बांधिली आणि दुसरी कत्तल जाहली. मग तिसऱ्या पायास. थोरलीचे पाय संपले, फिती संपल्या नाहीत.

आणि मग युद्धात जे नेहमी होते ते जाहले. जुन्या सुया एका वयाच्या, एकत्र झिजलेल्या, एकीसारखी दुसरी विणणाऱ्या. त्यांच्यात नव्या, ताठ, धारदार सुया घुसविल्या, त्यांचे टाके निराळे पडू लागले, आणि जेथे एक रेघ होती तेथे आता कित्येक जाहल्या. साहेब म्हणाले, शत्रूस कुमक मिळाली.

वस्तादांच्या मनाची स्थिती काय वर्णावी. त्यांनी शेडमधल्या झाडूवाल्या मावशींस मध्यस्थ नेमिले. मावशी दिवसभर सुताचा भुसा झाडीत फिरत, म्हणून त्यांस सर्व प्रांतांत मुक्त संचार.

"मावशी, त्या बाईंना विचारा, आता रेघा किती दिसतात."

मावशी टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "त्या म्हणतात, रेघच नाही म्हणत होता ना, मग मोजायच्या कशा?"

"त्यांना म्हणावं, पहिली नव्हती. या नंतरच्या आहेत."

मावशी पुन्हा गेल्या आणि पुन्हा आल्या. "त्या म्हणतात, पहिली कोण होती ते घरी आल्यावर सांगते. आणि हे बघा, मला पगार झाडू मारायचा मिळतो, टपाल पोचवायचा नाही. तुमची दोघांची खोली एक, चूल एक, तिथं बोला काय ते."

इकडे रंगखान्याची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि थोरलीचे रोल शिक्क्यावाचून पडून. तेव्हा साहेबांनी खलबत केले, एकट्यानेच, आणि त्यांस ऐसा मनसुबा सुचला की ज्याची बरोबरी मागील सेनापतींस करिता आली नसती. त्यांनी विचार केला की रेघा कोठे दिसतात? काचेवर. का दिसतात? दिव्यामुळे. मग तपासणीच्या काचेखालचा लखलखीत दिवा काढून तेथे जिन्यातला पिवळा, मंद दिवा बसविला, आणि कापड काचेवर घेतले, आणि रेघा दिसेनाशा जाहल्या. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसिले. शत्रूचा नायनाट जाहला ऐसे जाहीर केले, आणि बाईसाहेबांस फर्माविले की शिक्का मारा.

बाईसाहेबांनी कापड पाहिले. मग दिवा पाहिला. मग साहेबांस पाहिले.

"या दिव्यात मला माझी बोटं दिसत नाहीत, साहेब. ज्याला दिसतंय त्यानं मारावा."

आणि शिक्का काचेवर ठेविला.

 साहेबांनी आवाज न चढविता हुकूम सांगितला की बाईंची नजर थकली आहे, त्यांस विसाव्याची गरज आहे, सबब उद्यापासून त्यांनी पॅकिंगात बसून लेबले चिकटवावीत, आणि खुर्ची दुसरीस द्यावी. लेबले चिकटविणे काही हलके काम नव्हे, तेही कोणी तरी करितेच. परंतु तेथे कोणी येऊन विचारीत नाही की बाई, हे ठीक आहे का. आणि नजर थकली हा शिक्का एकदा कपाळी बसला की तो कोणत्या दिव्यानेही निघत नाही.  बाईसाहेबांनी काच पुसली, चष्मा पुसला, आणि डब्याच्या पिशवीत आपली खुर्चीवरची उशी भरू लागल्या.

ही खबर मावशींनी वस्तादांस दिली, या वेळी न विचारता.

"तुमच्या बाईला पॅकिंगला धाडतायत. डोळे गेले म्हणून. बसा तुम्ही तेल पुसत."

वस्तादांनी हातातला पाना खाली ठेविला. थोरलीपासून तपासणीच्या काचेपर्यंत अंतर फार नव्हते, पोरेही धावत पार करितील ऐसे, परंतु या मोहिमेत ते अंतर आजवर कोणाही सरदारास तुटले नव्हते. वस्ताद निघाले, आणि वाटेत दोनदा थांबले, एकदा हात पुसावयास आणि एकदा उगीच, आणि मग जाऊन उभे राहिले.

"जरा खाली बसतेस का? मी वर चढतो."

"कोणाला म्हणताय?"

"तुलाच."

"कशाला? रेघ नाही ना?"

"तू म्हणतेस तर असेल."

"मी म्हणते म्हणून नाही. आहे म्हणून आहे."

"बरं, आहे."

"मोठ्यानं. चष्म्याचं मोठ्यानं म्हणाला होता."

वस्तादांनी साऱ्या शेडकडे तोंड केले आणि म्हणाले, "थोरलीला रेघ आहे." शेजारच्या मशीनवाल्याने मान खाली घातली, परंतु त्याचे खांदे हलत होते.

"चला," बाईसाहेब म्हणाल्या. "विजेरी घ्या. तुमच्या डोळ्यांचा मला भरवसा नाही."

साहेब चहास गेले होते, आणि तेथून ते परस्पर घरी जात, ती संधी साधून थोरली थांबविली. बाईसाहेब पदर खोचून मशीनच्या पोटात शिरल्या आणि कापडाच्या नळीशेजारी उकिडव्या बसल्या, आणि इतक्या रेघांच्या गर्दीतून जुनी, मूळची रेघ बोटांनी चाचपून काढिली. वस्ताद वर चढले. मध्ये सगळे लोखंड, एकमेकांचे तोंड दिसत नव्हते.

"धरली?"

"धरली."

"दे."

वर सुयांच्या तटावर कोठेच काही हलले नाही.

"अजून थोडी."

"तुटेल."

"तुझ्या हातानं नाही तुटत."

तेव्हा खालून ओढ आली, आणि तटावर एका सुईच्या आकड्यावरचा टाका किंचित थरथरला, जैसे कोणी झोपेत पापणी हलवावी. वस्तादांनी सिलिंडरवर खडूची खूण केली, पायावर नव्हे, सिलिंडरवर. मग चाक हाताने फिरवीत खूण खिडकीपाशी आणिली आणि सुई काढून तळहातावर घेतली. जीभ एका अंगास जराशी कलंडली होती आणि मिटताना अडत होती. त्या पलीकडे तिचा काही गुन्हा नव्हता.

बाईसाहेब बाहेर आल्या, केसांत भुसा, आणि चष्मा वर करून पाहिले.

"एवढीशी?"

"एवढीशी."

"हिच्यापायी इतके दिवस अळणी जेवलात."

"मला वाटलं मीठ संपलंय."

"विचारायचं."

"कसं विचारणार?"

बाईसाहेब हसल्या, आणि ते लपवावयास त्यांनी पदराने केस झाडिले. मग सर्व नव्या सुया काढून डबीत परत धाडिल्या, आणि उपटलेल्या जुन्या निरपराध सुया कोपऱ्यातल्या डब्यातून हुडकून आपापल्या जागी बहाल केल्या, आणि त्या वाकड्या जिभेच्या जागी तितकीच झिजलेली एक जुनी सुई नेमिली. पायांच्या फिती मावशींनी सोडिल्या. साहेबांची एक गाठ सुटेना, ती कापिली.

थोरली चालली. नवे कापड पुरेसे उतरल्यावर कापून घेतले, आणि काचेखाली जिन्यातला दिवा असल्याने बाईसाहेब ते मोठ्या दारापाशी उजेडात घेऊन गेल्या. एक टोक वस्तादांनी धरिले, एक त्यांनी. आणि त्या कापड तसू तसू सरकवीत पाहू लागल्या.

"आहे?"

बाईसाहेबांनी कापड आणखी पुढे सरकविले.

"बोल की."

"पाहू द्या."

 कापड संपले. बाईसाहेबांनी ते उलटे केले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले. उजेड उतरत होता आणि त्या टोकास आल्या.

"नाही," म्हणाल्या.

वस्ताद नक्की का म्हणून विचारणार होते, परंतु त्यांनी विचारिले नाही.

दुसरे दिवशी साहेब खुर्चीचा ताबा देववावयास आले, तों बाईसाहेब खुर्चीवरच बसलेल्या, पुढे थोरलीचा नवा रोल. साहेबांनी पुसिले, रेघ? बाईसाहेब म्हणाल्या, नाही. साहेबांस परमसंतोष जाहला. त्यांनी म्हटले, हेच तर आम्ही काल सांगत होतो. आणि आपला विजय सर्वांनी डोळे भरून पाहावा म्हणून त्यांनी स्वतःच हुकूम केला की जिन्यातला दिवा काढा आणि तो जुना लखलखीत दिवा लावा. दिवा लागला. साहेबांनी मान हलविली. आता बाईंची नजर ठीक आहे ऐसा निर्वाळा दिला, कारण बाईंस आता तेच दिसत होते जे साहेबांस दिसत होते, आणि लेबलांचा विषय पुन्हा निघाला नाही. मग साहेबांनी वरिष्ठांस कळविले की योग्य प्रकाशयोजना केल्याने दोष दूर जाहला, आणि वरिष्ठांनी त्यांची तारीफ केली, आणि पुढे ते याहून मोठ्या कारखान्यावर गेले. तेथेही जिने असतील.

बाईसाहेबांनी शिक्का उचलिला आणि नव्या रोलवर मारिला, आणि गाडी रंगखान्याकडे रवाना जाहली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या खुर्चीवर आणि त्या दिव्यावर बाईसाहेबांचा अंमल, शरीर साथ देत होते तोवर, अबाधित राहिला, आणि नजर थकली हे त्यांच्याविषयी पुन्हा कोणी बोलले नाही. ज्यास या लिहिण्याचा भरवसा नसेल त्याने ते कापड शोधून काढावे. ते कोणाकोणाच्या अंगात गेले, घामाने भिजले, धुवून धुवून विरले, आणि आता कोठे फडके म्हणूनही उरले नसेल. परंतु उरले असेल तर उजेडात धरून पाहावे. रेघ नाही. बाईसाहेबांनी पाहिले होते.